शिरस्तेदारांचं चैत्रांगण

आमच्या धंद्याला नाव नव्हतं. लोखंड ठोकणाऱ्याला लोहार म्हणतात, लाकूड तासणाऱ्याला सुतार. आम्ही बाया घराच्या बाहेरचं सगळं करायचो, म्हणून सोलापुरात लोक नुसतं म्हणायचे, "भागाबाईच्या बाया बोलवा." आता दिवाळी अंकवाल्यांना हा बिननावाचा धंदा छापायची हौस आली आहे. मला लिहिता येत नाही. मी बोलते, सून लिहिते. ती शाळेत शिकवते, त्यामुळं माझं "हाय" तिच्या टाकातून उतरेपर्यंत "आहे" होऊन जातं. भांडून भांडून मी माझा "लई" तेवढा राखून घेतला आहे.

काम ऋतूवर चालायचं. होळी झाली की माळवदं. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्या जुन्या घरांवर कौलं नसायची, सपाट मातीचं छत असायचं. त्यावर माणसं निजायची, सांडगे वाळवायची, शेजाऱ्यांशी भांडायचीसुद्धा. ते माळवद. मिरगाच्या आधी त्याच्यावरची जुनी माती खरवडून काढायची, नवी पांढरी माती पसरायची, चोपायची आणि उतार पन्हळीकडं काढून द्यायचा. पाऊस पडला की ती माती अशी दाटून बसते की थेंब खाली उतरत नाही. आणि उतरलाच तर बरोबर घरमालकाच्या उशाशी, आणि मालक बरोबर माझ्या दाराशी. पावसाळ्यात माळवदावरचं गवत उपटायचं, दसऱ्याआधी भिंतींना पोतारा द्यायचा, थंडीत अंगणं उकरून नव्यानं चोपायची. बारा महिने आम्ही लोकांच्या घराबाहेर. पण घराबाहेर बसलेल्या बाईला आतलं जेवढं कळतं ना, तेवढं आतल्यांनाही कळत नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार असायची. गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबानं बोलावलं आणि बंगल्यापुढं हरळी लावा म्हणाला. बायांना वाटलं, सोलापूरचं ऊन साहेबाच्या डोक्यात शिरलं. जी हरळी उपटता उपटता आमच्या आयांची नखं झिजली, ती लावायची, तिला पाणी घालायचं, आणि वाढली की कापायची. माझ्या बायांतली काशी त्याच्या तोंडावर म्हणाली, "लावतो की सायेब, पर उपटायला दुसऱ्या बाया बघा." साहेबाला मराठी कळत नव्हतं. तो "गुड, गुड" म्हणाला. काशी पुढं वर्षभर कुणीही काही बोललं की "गुड, गुड" म्हणायची.

पण मला सांगायचं आहे ते एका वेगळ्याच घराचं. तीस सालचा मार्शल लॉ उठून काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. भवानी पेठेच्या कडेला नरहरपंत राहायचे, कोर्टात शिरस्तेदार. घर बेताचं, अंगण मात्र लग्नाचा मांडव पडेल एवढं. पंत माणूस सरळ. रविवारी वाचनालयात स्त्रीशिक्षणावर बोलायचे आणि नुसतेच बोलायचे नाहीत, स्वतःच्या कुमुदला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं. तेवढं श्रेय मी त्यांना देते. पुढचं मात्र देत नाही.

त्यांच्या घरी चैत्रांगणाची रीत होती. चैत्रात गौर माहेरी येते. तिच्यासाठी महिनाभर रोज सकाळी अख्खं अंगण शेणानं सारवायचं आणि वर रांगोळीनं गौरीचा पाळणा, कमळ, कासव, नाग, हत्ती, सूर्य, चंद्र असं सगळं काढायचं. ते घरच्याच माणसानं करायचं, बाहेरच्या बाईचा हात लागता कामा नये, असा पंतांचा कुळाचार. पंतांच्या बायकोला, माईंना, हाताचं इसब. शेणापाण्यानं तळवे फुटून रक्त यायचं. म्हणून ते सगळं कुमुदवर पडलं होतं. आणि चैत्रात आमच्याकडं उन्हामुळं शाळा सकाळची. पोरगी अंधारात उठायची, सारवायची, हत्तीची सोंड काढता काढता शाळेची घंटा ऐकायची आणि तशीच ओल्या हातानं पळायची.

त्या साली तिची शेवटची परीक्षा होती. पास झाली तर पुण्याला मास्तरीण व्हायच्या शाळेत जायचं ठरलं होतं. नाही तर दुधनीचं एक स्थळ येऊन बसलं होतं, मुलगा पेढीवरचा, घरचं बरं. शाळेतल्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, आणखी एकदा उशिरा आलीस तर तुझं नाव परीक्षेला पाठवणार नाही. हे मला माईंनी सांगितलं, मागच्या दाराशी, पदरात हात लपवून. सांगताना त्यांना रडू आलं, पण डोळे पुसायला हात वर करवेनात, इतके ते फुटले होते.

मी तडक पंतांपुढं गेले. म्हटलं, "सायेब, अंगणात शहाबादी फरशी टाका. येकदा टाकली की सुटलात. सारवायचं न्हाय, चोपायचं न्हाय, पान्याचा हात फिरवला की झालं. फरशी काय, स्टेशनाजवळच्या वखारीत पडलीया की."

पंतांनी चष्मा काढला. "भागे, फरशी म्हणजे दगड. दगडावर गौर उतरत नाही. आणि सारवण म्हणजे काय मोठं काम आहे? त्यात आहे काय एवढं? हात फिरवायचा."

"पोरीला शाळंला उशीर हुतोय सायेब."

"लवकर उठावं," पंत म्हणाले, आणि चष्मा परत चढवला.

मी पडलेलं तोंड घेऊन मागच्या दारी आले, तर विहिरीपाशी आत्याबाई उभ्या. पंतांची थोरली विधवा बहीण. सोवळ्याची इतकी कडक की आमच्या बाया म्हणायच्या, हिच्यावर सावली पडली तर ही सूर्यालाच आंघोळ करायला लावेल. मला वाटलं, आता फरशीवरून मला फाडून खाणार. तर त्या हळूच म्हणाल्या, "भागे, आमच्या माळवदाचं काम कधी धरतेस?"

"तुमी म्हनाल तवा."

"सोमवारी धर. सोमवारी ह्या मायलेकींना कावळा शिवणार आहे."

मी बघतच राहिले. कावळा शिवला म्हणजे बाईनं तीन दिवस बाजूच्या खोलीत बसायचं, घरात कशाला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी न्हायचं. पण तो कावळा आपल्या मर्जीनं येतो. त्याला वार ठरवून देणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

"दोघी बाजूला बसल्या की स्वयंपाक आणि देव माझ्या गळ्यात," आत्याबाई म्हणाल्या. "मी पहाटेपासून सोवळ्यात. सोवळ्यातली बाई शेणात हात घालते होय? मग घरचं माणूस उरलं कोण?"

माझ्या लक्षात आलं आणि हसू आवरेना. मी विचारलं, "पर कुमुदताईनी बसायचं म्हनल्यावर शाळा?"

"विद्येला विटाळ नाही. नरहरीनंच वाचनालयात सांगितलंय, टाळ्या घेतल्यात त्यावर. आता फिरवू दे शब्द." मग जरा थांबून, पोहरा विहिरीत सोडत त्या म्हणाल्या, "मला द्यायची वेळ आली तेव्हा स्थळ दुधनीचंच आलं होतं. मी परकरात होते. मला कुणी विचारलं नाही. पोरगी परीक्षेला बसली पाहिजे, भागे. मग मला पाप लागलं तरी चालेल."

मी बायांना सोमवारचा सांगावा धाडला.

सोमवारी उन्हं यायच्या आत आम्ही बाया माळवदावर चढलो. खालून आत्याबाईंचा आवाज आला, अगदी खणखणीत. "नरहरी, दोघी बाहेरच्या झाल्या आहेत. मी सोवळ्यात आहे. अंगणाचं बघ."

"भागाची एखादी बाई करेल की," पंत म्हणाले.

"बाहेरच्या बाईचा हात? तुझ्या कुळाचारात?"

तेवढ्यात कुमुद बाजूच्या खोलीतून वह्या छातीशी धरून निघाली आणि अंगणाच्या कडेकडेनं, बापाकडं न बघता, फाटकाबाहेर गेली. घंटेच्या कितीतरी आधी. नुसती चालत गेली, पळाली नाही. मला ते लई बरं वाटलं.

पंतांनी धोतर खोचलं. घमेल्यातलं शेण दोन बोटांनी उचललं. मग चार बोटांनी. मग देवाचं नाव घेऊन अख्खा हात घातला. पाणी इतकं ओतलं की शेणाचं सार झालं आणि ते उताराला लागलं.

"सायेब, पानी जास्त झालं," मी वरून म्हटलं.

"तुम्ही तुमचं माळवद बघा."

"माळवदच बगतोय. उतार कसा लागतोय ते बगावं लागतं की."

आता सारवण्याची एक अक्कल असते. सारवणारीनं भिंतीकडून सुरू करायचं आणि मागं मागं सरकत दाराशी यायचं, म्हणजे आपली सुटका आपल्या हातात राहते. पंतांनी दारापासून सुरुवात केली. कामाला माणूस चिवट, नेट लावून सारवत सारवत गेले, आणि अंगणाच्या पार टोकाला कुंपणाच्या भिंतीच्या कोपऱ्यात तुळशीपाशी पोचले. तिथं उठून कमरेवर हात ठेवून मागं बघतात तर चहूकडं ओलं. पुढं भिंत, मागं शेण. हातात घमेलं घेऊन शिरस्तेदार तुळशीशेजारी उभे.

आत्याबाई दारात आल्या. "तिथंच आहेस तर तुळशीला पाणी घाल."

काशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी तिला चिमटा काढला, ती म्हणाली, "गुड, गुड." शेवटी पंत त्या ओल्यातून तसेच चालत आले आणि पावलापावलानं सगळं उठलं. मग रांगोळी. गौरीचा पाळणा काढला तो बाजेसारखा, कासव भाकरीसारखं. हत्तीची सोंड कुठल्या टोकाला ते त्यांचं त्यांनाच नक्की होत नव्हतं. फाटकाबाहेर समोरची पद्मसाळी विणकराची बाई सुताची लडी हातात घेऊन थबकली, आणि तिनं आतल्या सासूला हाक मारली, "अत्ता, पंतुलुगारू मुग्गू वेस्तुन्नारु." तेलुगू आम्हाला येतं तेवढं. पंत रांगोळी काढतायत, असं तिनं सांगितलं. सासू आली, नवरा आला, मागावरचं पोर आलं. पंतांनी मान वर केली नाही.

मंगळवारी मी जरा आगाऊपणा केला, लपवत कशाला? माळवदावरची जुनी माती खाली टाकावीच लागते, ती आम्ही मागच्या बाजूनं टाकायची. मंगळवारी मागच्या बाजूला आत्याबाईंचे पापड होते, निदान तसं मी पंतांना सांगितलं. त्यांनी अंगण सारवून पुरं केलं, ह्या वेळी भिंतीकडून दाराकडं, शिकले होते बिचारे, आणि आम्ही वरून दोन पाट्या माती सोडली.

"भागे, हे काय?"

"सायेब, मातीच की. हात फिरवा, झालं."

पंतांनी घमेलं ओढून घेतलं. मग परत खाली बसले. त्या दिवशी कोर्टही सकाळचंच होतं. पंत पोचले तेव्हा जज्जसाहेब खुर्चीवर बसून चुकले होते. कोर्टातला पट्टेवाला आमच्या आळीतला, त्याच्याकडून सगळं कळलं. वकिलांसमोर, कारकुनांसमोर साहेबानं त्यांना दाराशी उभं ठेवलं आणि विचारलं, उशीर का? इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी उशीर न झालेला माणूस. काय सांगणार? अंगणात हत्ती काढत होतो म्हणून? नखांत शेण होतं, म्हणून हात मागं धरले होते म्हणे.

दुपारी ते घरी आले तेव्हा आम्ही सावलीला भाकरी खात होतो. पंत ओसरीच्या कडेला टेकले. कुमुद तिकडं बाजूच्या खोलीच्या दारात अभ्यासाला बसली होती. त्यांनी लांबूनच विचारलं, "उशीर झाला की तुमच्या बाई काय करतात?"

"वर्गाबाहेर उभं करतात," कुमुद म्हणाली.

"सगळ्यांच्या देखत?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, अप्पा. तुम्ही म्हणालात, लवकर ऊठ."

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती सरळ म्हणाली, विचारलं म्हणून सांगितलं तसं. पंत स्वतःच्या तळव्याकडं बघत बसले. दोनच दिवसांत साल निघालं होतं, कागदाशिवाय कशाची सवय नव्हती त्या हातांना. मग त्यांनी हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

माई दारात आल्या. बाजूला बसलेली बाई, तिच्या जवळ जायचं नाही. पंत अंगणाच्या ह्या कडेला, माई त्या कडेला.

"हात दाखवा बघू."

माईंनी घाबरत घाबरत दोन्ही तळवे वर केले. उन्हात ते लांबूनही दिसत होते. मी घास तसाच धरून बसले. इतकी वर्षं त्या हातचं जेवलेला माणूस, आणि ते हात त्यानं त्या दिवशी पाहिले, तेही शिवायची सोय नसताना. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. ते उठून आत गेले.

बुधवारी सकाळी अंगणात घमेलं नव्हतं. पंत खाली उभे राहून मला म्हणाले, "भागे, उतर. मी विचार केला. कुळाचारात अंगण स्वच्छ असावं एवढंच आहे. शेण असं कुठं म्हटलेलं नाही. आणि गौर नाजूक, तिला ओल्या जमिनीवर कशाला उतरवायची?"

आत्याबाई आतून म्हणाल्या, "हे मला सुचलंच नसतं हो."

दगडावर गौर उतरत नाही, हे तुमीच म्हनाला हुता, असं माझ्या ओठावर आलं होतं. आत्याबाईंनी दाराआडून माझ्याकडं असं पाहिलं की मी ते गिळलं. काम झाल्याशी कारण.

हुसेनमिस्त्री गवंड्यानं फरशी बसवली. आम्ही बायांनी खालची जमीन धुमसानं ठोकून दिली, सांधे चुन्यानं भरले, पाण्याला उतार गटाराकडं काढला, तुळशीभोवती हातभर माती मोकळी ठेवली. कावळा बिचारा ठरल्या दिवशी उडून गेला. फरशी पुरी झाल्यावर माईंनी त्या काळ्या दगडावर चैत्रांगण काढलं आणि पांढरी रांगोळी अशी उठून दिसली की रस्त्यावरची माणसं थांबली. हुसेनमिस्त्री जाता जाता पंतांना म्हणाला, "पंतजी, अब तुमे भी एक हाथी निकालो ना. पत्थर पे पाँव के निशान नई पडते." पंत कसनुसं हसले. पुढल्या रविवारी त्यांनी वाचनालयात "अंगण आणि आरोग्य" ह्या विषयावर भाषण केलं आणि फरशीची कल्पना स्वतःची म्हणून सांगितली. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या असत्या, पण आम्हाला आत कोण घेतंय?

त्या भाषणानं मात्र आमचा घात झाला. ज्यानं त्यानं फरशी टाकायला सुरुवात केली. फरशी टाकली की ते अंगण आमच्या हातातून गेलं, उकरायचं नाही, चोपायचं नाही, वर्षाला एकदा सांधे बघितले की संपलं. काशी म्हणाली, "भागाक्का, आपुनच आपल्या पोटावर पाय दिला की." माझ्या काही बाया गिरणीत गेल्या. माळवदं तेवढी राहिली, मग पत्रे आले आणि तीही गेली. आता सारवलेल्या अंगणावर उठलेल्या हातांच्या ओळी कुठं दिसत नाहीत. ओळी बघून मी सांगायची, कुणाचा हात आहे. ते आठवलं की वाईट वाटतं. पण कुणी म्हणालं की पूर्वीची अंगणं किती छान होती, तर मी त्याला म्हणते, मग बस खाली आणि सारव.

कुमुद परीक्षेला बसली, पास झाली, पुण्याला गेली. दुधनीच्या मुलाला दुसरी मुलगी मिळाली.

मला आठवते ती तिच्या परीक्षेची पहिली सकाळ. चुन्याच्या सांध्यांवर पाणी मारायला मी तांबडं फुटायच्या आधीच गेले होते. कुमुद आईच्या पाया पडून गेली. माई सवयीनं उठून अंगणात आल्या होत्या. उभ्या राहिल्या, आणि गौर सासरी गेलेली, करायला काही नव्हतं. शेवटी त्या पायरीवर बसल्या, मी खाली फरशीवर बसले. समोर गिरणीच्या चिमणीमागं आभाळ आधी राखाडी झालं, मग त्यात लाली आली, मग पिवळं. माई हात मांडीत ठेवून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "भागाबाई, रोज असंच उजाडतं का गं?"

मी म्हटलं, "व्हय माई, रोजच."

मी तसं म्हणून गेले. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. माझीही मान तेव्हा खालीच असायची.